ठोकळे, गणित-अध्यापनातील

संख्या, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, स्थानिक किंमत, क्षेत्रफळ व घनफळ या प्राथमिक गणितातील संकल्पना प्रत्यक्ष हाताळणीतून स्पष्ट करण्यासाठी वापरण्यात येणारे, परस्परांशी मापाने निगडित असलेले लाकडी वा प्लॅस्टिकचे तुकडे. लहान घन, विटेच्या आकाराच्या इष्टिकाचिती, वेगवेगळ्या लांबीच्या कांड्या आणि एकमेकींत घट्ट बसणाऱ्या खुंट्यांच्या विटा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. नुसत्या खेळण्यासाठी केलेल्या ठोकळ्यांहून त्यांचे वेगळेपण मापात असते. कोणताही मोठा तुकडा लहान तुकड्यांच्या पूर्ण पटीत असतो, त्यामुळे दोन तुकडे शेजारी ठेवताच त्यांच्यातील संख्यासंबंध लांबीच्या वा आकारमानाच्या रूपाने समोर येतो.

ठोकळ्यांत गणित दडलेले असते व ते हाताळले की आपोआप मुलाच्या मनात उतरते, अशी समजूत शिक्षकांत व पालकांत आढळते. ती फार तर अर्धी खरी आहे. ठोकळा लाल आहे हे डोळ्यांना दिसते, तो जड आहे हे हाताला कळते; परंतु समोरचे ठोकळे ‘सात’ आहेत हा गुण त्यांपैकी कोणत्याही ठोकळ्यात नसतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी या संदर्भात आपल्या एका गणितज्ञ मित्राच्या बालपणीची हकिगत नमूद केली आहे. चार-पाच वर्षांचा असताना त्याने दहा खडे ओळीत मांडून डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले, नंतर ते वर्तुळात मांडून मोजले आणि प्रत्येक वेळी दहाच आले याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. खड्यांना मुळात क्रमही नव्हता आणि बेरीजही नव्हती. क्रम मुलाने लावला, एकत्रही त्यानेच आणले. आपल्याच कृतीतील नियम त्याला गवसला. ठोकळ्यांच्या साहाय्याने होणाऱ्या गणित-अध्यापनाचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही या घटनेत सामावलेली आहेत.

इतिहास : वस्तूंच्या आधारे मोजणे हे मोजण्याइतकेच जुने आहे. तथापि मुलांना शिकविण्यासाठी मुद्दाम योजलेल्या साधनांचा विचार यूरोपात योहान हाइन्‍रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांच्यापासून सुरू होतो. शब्दापूर्वी प्रत्यक्ष दर्शन आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या इव्हेर्दाँ येथील शाळेत १८०८ ते १८१० या काळात राहिलेले जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी त्या आग्रहाला ठोकळ्यांचे रूप दिले. फ्रोबेल यांनी बर्लिन येथे स्फटिकविज्ञ ख्रिस्टिआन झामूएल व्हाइस यांच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात काम केले होते. स्फटिकांच्या नियमबद्ध आकारांचा जो ठसा त्यांच्या मनावर उमटला, तो पुढे त्यांच्या साधनांत स्पष्ट दिसतो. १८३७ मध्ये बाट ब्लांकेनबुर्क येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. तेथील साधनांना ते ‘देणग्या’ म्हणत.

या देणग्यांपैकी तिसरी ते सहावी या चार देणग्या ठोकळ्यांच्या आहेत आणि त्यांची रचना आजही बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या देणगीत प्रत्येक बाजू दोन इंच असलेला लाकडी घन तिन्ही दिशांनी मधोमध कापून त्याचे एकेक इंचाचे आठ घन केलेले असतात. चौथ्या देणगीत तेवढाच घन आठ विटांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद व अर्धा इंच जाड असते. तिसऱ्या देणगीतील घन व चौथीतील वीट यांचे घनफळ समान, म्हणजे एक घन इंच असते. आकार मात्र पूर्ण वेगळे. घनाचे पृष्ठफळ सहा चौरस इंच तर विटेचे सात चौरस इंच भरते. घनफळ तेच राहून पृष्ठफळ बदलू शकते ही गोष्ट प्रौढांनाही चटकन पटत नाही; येथे ती चार वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवलेली आहे. पाचव्या देणगीत तीन इंचांच्या घनाचे सत्तावीस घन असून त्यांपैकी तीन कर्णरेषेवर अर्धे व तीन चतुर्थांशात कापलेले असतात. अशा रीतीने २१ पूर्ण, ६ अर्धे व १२ पाव मिळून ३९ तुकडे होतात. सहावी देणगी विटांची असून तिचे ३६ तुकडे असतात.

फ्रोबेल यांनी वापराची पद्धतही ठरवून दिली होती. पेटी उलटी ठेवून वर उचलावयाची, म्हणजे मुलाला प्रथम अखंड घन दिसतो. रचना करताना सर्व तुकडे वापरावयाचे. खेळ संपला की पुन्हा अखंड घन जुळवून पेटीत ठेवावयाचा. पूर्ण, भाग आणि पुन्हा पूर्ण हा क्रम अपूर्णांकांच्या अध्यापनाचा गाभाच आहे. मुलांच्या रचनांचे त्यांनी तीन वर्ग केले : घर, खुर्ची, पूल यांसारखी जीवनरूपे, सममितीच्या नक्षीची सौंदर्यरूपे, आणि आठाचे दोन चार, चार दोन वगैरे भाग पाडणारी ज्ञानरूपे. गणित हा या तिहींपैकी एक भाग होता, संपूर्ण खेळ नव्हता. पुढे फ्रोबेलच्या अनुयायांनी या देणग्यांचे कवायतीत रूपांतर केले, मुलांनी एकाच वेळी एकच ठोकळा उचलावा असे धडे लिहिले गेले आणि मूळ हेतू बराच हरवला. प्रशियाच्या शासनाने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली होती, ती १८६० मध्ये उठली. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांनी बालपणी हाताळलेल्या फ्रोबेल ठोकळ्यांचे ऋण आयुष्यभर मानले.

इटालियन वैद्य व शिक्षणतज्ञ मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात साधनांना अधिक काटेकोर गणिती शिस्त आली. एक ते दहा सेंमी. बाजूंच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा, दहा सेंमी. पासून एक मी. पर्यंतचे लाल-निळ्या पट्ट्यांचे संख्यादांडे ही त्यांची प्रसिद्ध साधने होत. सोनेरी मण्यांच्या संचात एकक हा एक मणी, दशक ही दहा मण्यांची कांडी, शतक हा दहा कांड्यांचा चौरस आणि सहस्र हा दहा चौरसांचा घन असतो. बिंदू, रेषा, पृष्ठ व घन या भूमितीतील क्रमावरच दशमान पद्धती बसविलेली असल्याने हजार हा शंभराहून किती मोठा, हे मुलाला तो उचलतानाच उमगते. विसाव्या शतकाच्या मध्यास आणखी तीन प्रकारांची भर पडली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कॅथरिन स्टर्न (१८९४–१९७३) यांनी खोबणीत बसणारे एककांच्या खुणा असलेले ठोकळे तयार केले. बेल्जियममधील त्यूँ गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर (१८९१–१९७५) यांनी एक ते दहा सेंमी. लांबीच्या रंगीत कांड्या वापरात आणल्या आणि १९५३ नंतर कॅलेब गॅतेन्यो यांनी त्यांचा अनेक देशांत प्रसार केला. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्तान दीनेश (१९१६–२०१४) यांनी दहाखेरीज तीन, चार, पाच अशा आधारांवरही एकक, कांडी, पाटी व ठोकळा यांचे संच केले. दहाचा नियम समजण्यासाठी तो इतर आधारांवरही पाहावा, ही त्यांची कल्पना नवगणिताच्या लाटेबरोबर आली व तिच्याबरोबरच ओसरली. त्यांच्या संचांतील दहाच्या आधाराचा संच मात्र जगभरच्या शाळांत टिकून राहिला.

एकमेकींत बसणाऱ्या विटांचा उगम शाळेत नसून खेळण्यांच्या धंद्यात आहे. हिलरी पेज या इंग्रज उत्पादकाने दुसऱ्या महायुद्धानंतर किडीक्राफ्ट या नावाने अशा विटा बाजारात आणल्या होत्या. डेन्मार्कमधील बिलुंड येथील सुतार ऑले किर्क क्रिस्ट्यानसन यांच्या लेगो या संस्थेने त्यांवरून १९४९ मध्ये आपल्या विटा काढल्या आणि १९५८ मध्ये विटेच्या पोटात नळ्या बसवून पकड घट्ट करण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. दोन खुंट्यांच्या केंद्रांतील अंतर आठ मिमी., विटेची उंची ९·६ मिमी. आणि विटेच्या एकतृतीयांश उंचीची पातळ पट्टी ३·२ मिमी., या मापांमुळे हे खेळणे नकळत एक गणिती साधन बनले. या संस्थेने १९८० मध्ये शैक्षणिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला. अशाच तऱ्हेच्या विटा आता अनेक उत्पादक तयार करतात.

अध्यापनातील उपयोग : खुंट्यांच्या विटेचा विशेष असा की, तिच्यावर संख्या मोजता येते आणि तीच संख्या आयताच्या रूपाने एकदम पाहताही येते. दोन रांगांच्या विटांवर चार, सहा, आठ या संख्या जोडीजोडीने बसतात. सात करावयास गेले की एक खुंटी एकटी उरते. सम व विषम संख्यांची व्याख्या पाठ करण्यापूर्वीच मुलाला ती दिसते. विषम अधिक विषम बरोबर सम का, याचेही उत्तर दोन एकट्या खुंट्यांची जोडी जमताच मिळते. ही सिद्धता आहे; केवळ काही उदाहरणांवरून काढलेला तर्क नव्हे, कारण संख्या कितीही मोठी असली तरी एकटी खुंटी एकच राहते.

गुणाकारासाठी विटांची मांडणी विशेष सोयीची ठरते. तीन रांगा, प्रत्येकीत चार खुंट्या, अशी रचना पाटावर केली आणि पाट काटकोनात फिरविला, म्हणजे तीच रचना चार रांगांची व तीन-तीन खुंट्यांची होते. ३ × ४ आणि ४ × ३ यांचे उत्तर एक का येते, हे पाढ्यांच्या घोकंपट्टीत कधीच कळत नाही. पाढे अर्थात पाठ असावेच लागतात, तो प्रश्न वेगळा. बारा खुंट्यांचे आयत तीन प्रकारे जुळतात : १ × १२, २ × ६ व ३ × ४. तेरा खुंट्यांचा मात्र एकेरी रांगेखेरीज दुसरा आयत होतच नाही. मूळ संख्या हे नाव त्यानंतर सांगावे. बाराच्या तिन्ही आयतांची परिमिती खुंट्यांच्या अंतरात मोजली, तर अनुक्रमे २६, १६ व १४ एकक येते. क्षेत्रफळ समान असताना परिमिती बदलते, हा वरच्या इयत्तांत त्रास देणारा मुद्दा येथे सहज निघतो.

अपूर्णांकांबाबत जुन्या मराठी शाळेची परंपरा लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मुले अंक गिरवीत आणि पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी म्हणत. बाजारातील हिशेब तोंडी करण्याची विलक्षण तयारी या पाठांतराने होत असे. परंतु पाऊणाची चौपट तीन का, हे विचारण्याचा प्रघात नव्हता. आठ खुंट्यांची (२ × ४) वीट एक मानली, तर चार खुंट्यांची (२ × २) वीट अर्धा, दोन खुंट्यांची पाव आणि सहा खुंट्यांची (२ × ३) पाऊण होते. पाऊणाच्या चार विटा ओळीने ठेवल्या व त्यांच्यावर एकाच्या तीन विटा बसविल्या, तर दोन्ही ओळी बारा-बारा खुंट्यांच्या लांबीच्या भरतात व टोकाला टोक जुळते. पाऊणकीतील एक ओळ अशी हातात येते. बारा खुंट्यांची (२ × ६) वीट दीड होते आणि तशा दोन विटांनी तीन पूर्ण झाकले जातात. एकतृतीयांशासाठी मात्र आठाचे एकक चालत नाही. तेथे बाराची वीटच एक मानावी लागते. मग सहा हा अर्धा, चार हा तृतीयांश, तीन हा पाव. १/२ + १/३ या बेरजेत सहा व चार मिळून दहा खुंट्या, म्हणजे १०/१२ अर्थात ५/६. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही भागांना पुरेल असे एकक शोधणे, हे एकक बदलण्याच्या गरजेतून स्पष्ट होते. चार खुंट्यांची तीच वीट एकदा अर्धा व एकदा तृतीयांश कशी, हा प्रश्न मुलाने विचारला, तर पाठ यशस्वी झाला असे समजावे. न विचारल्यास शिक्षकाने विचारावा.

क्विझनेरच्या कांड्यांवर खुणा नसतात, हे त्यांचे न्यून नसून गुण आहे. नारिंगी कांडी एक मानली तर तांबडी एकपंचमांश होते. तांबडी एक मानली तर नारिंगी पाच. याउलट खुंट्या असलेल्या विटेवर मूल प्रत्येक वेळी बोटाने एक, दोन, तीन असे मोजत राहण्याचा धोका असतो. पाच व तीन आठ हे नाते न पाहता ते आठ वेळा एक मोजते आणि त्याची प्रगती तेथेच थांबते. अशा वेळी विटा पालथ्या घालून खुंट्या लपवाव्यात किंवा काही दिवस बिनखुणांच्या कांड्या द्याव्यात.

स्थानिक किंमत व संख्यानामे : दोन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी ही प्राथमिक गणितातील पहिली मोठी खिंड होय आणि ठोकळ्यांचा खरा कस तेथेच लागतो. ४७ + २८ हे उदाहरण घेतल्यास चार दांडे व सात सुटे, त्यांत दोन दांडे व आठ सुटे मिळविले जातात. पंधरा सुट्यांपैकी दहा देऊन एक दांडा घ्यावयाचा. सात दांडे व पाच सुटे म्हणजे ७५. पाटीवर ‘हातचा एक’ म्हणून जो एक वर लिहिला जातो, तो एक नसून दहा आहे, हे या अदलाबदलीत दिसते. ५२ – २७ या वजाबाकीत अनेक मुले सातातून दोन वजा करून ३५ असे उत्तर काढतात, कारण त्यांच्या दृष्टीने प्रत्येक स्तंभ हे स्वतंत्र उदाहरण असते. पाच दांडे व दोन सुटे समोर असताना सात सुटे देता येत नाहीत. एक दांडा मोडावाच लागतो आणि उरतात २५. मात्र दांडा मोडला त्याच क्षणी पाटीवरील पाच खोडून चार लिहिला गेला पाहिजे. ठोकळ्यांचा तास सकाळी व पाटीवरील वजाबाकी दुपारी असे वेगळे ठेवल्यास मूल दोन स्वतंत्र विषय शिकते.

मराठी भाषक मुलापुढे आणखी एक अडचण असते. ४७ या संख्येचे नाव ‘सत्तेचाळीस’ असे असून त्यात सुटे आधी व दशक नंतर उच्चारले जातात. लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे ऐकून ७४ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात आढळतात. एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली आहेत : समोर दोन दांडे व नऊ सुटे असताना नाव तिसाचे घेतले जाते. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा स्वरूपाचे वाचन देण्यात आले. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. या बदलावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेचा वारसा मोडला जात आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता दांडे व सुटे यांच्या मांडणीचे वर्णन ‘चाळीस आणि सात’ असे करणे स्वाभाविक असून ‘सत्तेचाळीस’ हे त्याच मांडणीचे रूढ नाव म्हणून शेजारी ठेवता येते. एकोणतिसाची गंमतही ठोकळ्यांनीच उलगडते : तिसरा दांडा पूर्ण होण्यास एकच सुटा कमी आहे. एरवी निव्वळ अपवाद वाटणारे नाव मग वजाबाकीचा एक छोटा धडा ठरते.

घनफळाच्या पाठात खुंट्यांच्या विटा जपून वापराव्या लागतात. एका खुंटीची वीट घनासारखी दिसते, परंतु तिची रुंदी सुमारे आठ मिमी. व उंची ९·६ मिमी. असल्याने ती घन नसते. सहा खुंट्या रुंद व सहा विटा उंच अशी भिंत चौरस न होता उभट होते. सहा खुंट्यांची रुंदी ४८ मिमी. आणि पाच विटांची उंचीही ४८ मिमी., म्हणून चौरसासाठी सहास पाच हे प्रमाण लागते. लहान इयत्तेत हा घोटाळ्याचा विषय आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात मात्र लघुतम साधारण विभाज्य व गुणोत्तर यांसाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. मोठ्या मुलांसाठी या विटा मोजणीचेही कोडे घालतात. एकाच रंगाच्या आठ खुंट्यांच्या दोन विटा किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात? दोन्ही समांतर ठेवून अकरा व काटकोनात ठेवून तेरा, असे एकूण चोवीस प्रकार होतात. तीन विटांचे प्रकार १,०६० होतात. सहा विटांसाठी गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने काढलेली संख्या ९१,५१,०३,७६५ अशी आहे.

मर्यादा व संशोधन : कृती, चित्र व चिन्ह अशा तीन पातळ्यांवर ज्ञान साठविले जाते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडले. वस्तूकडून चित्राकडे व चित्राकडून चिन्हाकडे जाण्याचा जो क्रम सिंगापूरच्या पाठ्यपुस्तकांमुळे प्रसिद्धी पावला, त्याचा उगम ब्रूनर यांच्या या विचारात आहे. भारतात २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही अनुभव, भाषा, चित्र व चिन्ह असा क्रम सुचविलेला आहे. या दुसऱ्या क्रमातील ‘भाषा’ हा टप्पा विशेष महत्त्वाचा होय. मूल काय करीत आहे हे त्याने बोलून दाखविल्याखेरीज हातातील कृती व पाटीवरील खूण यांची गाठ पडत नाही.

ही गाठ किती अवघड असते, हे अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी स्पष्ट केले आहे. वर्गात कांड्या वापरताना त्यांना व त्यांच्या सहकाऱ्याला कांड्यांचे जग व संख्यांचे जग यांतील साम्य पाहून मोठा आनंद झाला. मुलांनाही ते दिसेल, असे त्यांनी गृहीत धरले. परंतु शिक्षकांना संख्या आधीच ठाऊक होत्या, म्हणून त्यांना साम्य दिसले. ज्या मुलाला संख्या ठाऊक नाहीत, त्याला कांड्यांत फक्त कांड्या दिसू शकतात. मूल उत्तर अचूक देते पण ते कांड्या लावण्याची युक्ती शिकलेले असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वस्तू जितकी मनोवेधक, तितके तिचे वस्तुपण अधिक आड येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हुबेहूब नोटा व नाणी देऊन पैशांची उदाहरणे करविली असता मुलांच्या एकूण चुका वाढल्या, मात्र संकल्पनेच्या चुका कमी झाल्या. यावरून साधा, एकरंगी ठोकळा शिकविण्यास बरा असे म्हणता येईल. चाके, खिडक्या व माणसांच्या बाहुल्या असलेली पेटी गणिताच्या तासाला आणू नये.

हाताळणीची साधने व केवळ चिन्हांद्वारे अध्यापन यांची तुलना करणाऱ्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधनांच्या बाजूने लहान ते मध्यम परिणाम आढळला. शिकलेले लक्षात राहण्याच्या बाबतीत तो अधिक ठळक होता, तर नवीन प्रश्न सोडविणे वा दुसऱ्या संदर्भात ज्ञान वापरणे यांबाबत अल्प होता. शिक्षकाच्या मार्गदर्शनाचे प्रमाण हाही परिणाम ठरविणारा एक घटक होता. पेटी वर्गात ठेवून मुलांना मोकळे सोडणे आणि पेटी कपाटात कुलूपबंद ठेवणे, हे दोन्ही प्रकार भारतीय शाळांत आढळतात. मोजदादीस हरवलेले तुकडे भरून द्यावे लागतील या भीतीने दुसरा प्रकार अधिक घडतो.

साधने केव्हा काढून घ्यावयाची हा निर्णय त्यांच्या वापराइतकाच जबाबदारीचा असतो. ठोकळे समोर असताना मुलाला डोळे मिटून ‘आता किती दांडे उरतील?’ असे विचारणे, मग ठोकळे कापडाखाली झाकून उदाहरण करविणे, त्यानंतर रेघा व ठिपके काढविणे आणि शेवटी फक्त अंक लिहविणे, अशा पायऱ्यांनी आधार कमी करता येतो. जे मूल अडेल त्याने मागच्या पायरीवर जावे. यात कमीपणा मानू नये. दुर्दैवाने मागे पडलेल्या मुलांनाच ठोकळे देण्याची चाल अनेक शाळांत आहे, त्यामुळे ठोकळे हाती घेणे ही मंदपणाची खूण ठरते आणि ज्याला त्यांची गरज आहे तेच मूल ते घेण्यास लाजते. अंध मुलांसाठी खुंट्यांची मांडणी ब्रेल लिपीप्रमाणे असलेल्या विटा २०२० पासून उपलब्ध झाल्या असून डोळस मुलांसमवेत खेळता यावे म्हणून त्यांवर छापील अक्षर वा अंकही असतो.

खर्चाचा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वीच पुढे आला होता. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरी संच तेथील मुलांना परवडणारा नव्हता. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंतून मोजणी, वर्गीकरण व लहान-मोठेपणाचे पाठ त्यांनी बसविले. चिंचोके व काड्यांचे जुडगे हे दशमान पद्धतीचे उत्तम साधन आहे. दहा काड्या बांधल्या की दशक, जुडगे सोडले की सुटे. किंबहुना जुडग्यात दहा काड्या खरोखरच असतात, तर प्लॅस्टिकच्या दांड्यात त्या आहेत असे मानावे लागते. त्यामुळे पहिलीत काड्या व दुसरीत दांडे हा क्रम अधिक योग्य होय.

लांबीवर आधारलेले ठोकळे घरी वा गावच्या सुताराकडून करवून घ्यावयाचे असल्यास मापाची काळजी घ्यावी लागते. प्रत्येक घन अर्धा मिमी. मोठा कापला गेला, तर दहा घनांच्या ओळीत पाच मिमी. फरक पडतो आणि दहा सुटे एका दांड्याच्या बरोबरीचे होत नाहीत; मुलाच्या डोळ्यांपुढे दहा एकक व एक दशक असमान दिसू लागतात. करवतीने जाणारी लाकडाची जाडी हिशेबात धरून आखणी करणे, प्रत्येक तुकडा एकाच नमुन्याच्या खोबणीत बसवून घासणे आणि दमट हवेत फुगणारे कच्चे लाकूड टाळणे हे त्यावरील उपाय होत. तेही शक्य नसेल, तेथे एक सेंमी. च्या चौकटी छापलेला कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या पट्ट्या कापल्यास कांड्यांचे बहुतेक काम भागते.